खेळतं चाक

माझे वडील चाकं बनवायचे. बैलगाडीची. डोंबिवली गावाबाहेर, मानपाड्याच्या रस्त्याला आमचं छप्पर होतं. त्याखाली बाभळीचे ओंडके, अर्धवट तासलेले आरे आणि एखादं उताणं पडलेलं चाक असा पसारा कायम असायचा. आसपासच्या दहा-बारा गावांतले शेतकरी चाकासाठी दुसऱ्या कुणाकडे जात नसत. वडिलांना याची पुरेपूर जाणीव होती आणि ती ते लपवत नसत.

बैलगाडीच्या चाकाची एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ते चाक आसावर घट्ट बसवत नाहीत. आरे ज्या लाकडी तुंब्यात ठोकलेले असतात, त्या तुंब्याचं भोक आसापेक्षा मुद्दाम जरा मोठं ठेवतात. गाडी चालली की चाक आसावर थोडं आत, थोडं बाहेर सरकतं. खड्ड्यात गेलं तरी सगळा हिसका आसाला बसत नाही, आणि प्रत्येक फेऱ्याला टक्क, टक्क असा आवाज येतो. घरात जेवायला बसल्या बसल्या त्या आवाजावरून वडील सांगायचे, रस्त्यावरून कुणाची गाडी चाललीय. "चाक खेळतं हवं," हे त्यांचं एकच शास्त्र. घट्ट बसवलेलं चाक दिसलं की ते बनवणाऱ्याला चार शब्द ऐकवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. सुतारकाम मला जमत होतं, वडिलांच्या हाताखाली काम करणं जमत नव्हतं. शेवटी भांडून मी ठाण्याच्या एका मोटार गॅरेजात फिटर म्हणून लागलो. वडील त्याला "नटं आवळायची नोकरी" म्हणत. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, त्यामुळे आम्हा दोघांच्या मध्ये पडणारं घरात कुणी उरलं नव्हतं. दोघांचीही डोकी तापट. एकमेकांशी दोन दोन दिवस न बोलता राहण्याची आम्हाला सवय होती.

गावाच्या आमच्या बाजूला मोटार एकच, डॉक्टरांची. दवाखाना स्टेशनाजवळ, पण त्यांचा अर्धा दिवस खाडीकडच्या खेड्यांतून जायचा. मोटार जुनी, विलायती, लढाईच्या बऱ्याच आधीची. तिची चाकं लाकडी आऱ्यांची होती, म्हणजे बाहेर लोखंडी कडं, त्यावर टायर, आणि आत बैलगाडीसारखे पण बारीक आरे. आरा मोडला की डॉक्टर वडिलांकडे यायचे. वडील आरा घालून द्यायचे आणि दर वेळी म्हणायचे, "डॉक्टरसाहेब, कारखानेवाल्यांना चाकातलं कळत नाही. एवढं गच्च बसवलंय, मग आरा मोडणार नाही तर काय." डॉक्टर मान डोलवायचे. डॉक्टर मोठे सज्जन, पण यंत्रातलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता चाकांनी मान टाकली. खाऱ्या पाण्यातून जाऊन जाऊन कडी गंजलेली, आणि त्या उंच मापाचे टायरही बाजारात मिळेनासे झालेले. चाकंच बदलायची, लोखंडी घालायची, असं ठरलं. लढाईत कल्याणच्या पलीकडे लष्कराच्या छावण्या होत्या. त्या उठल्यावर मागे राहिलेल्या गाड्यांचं भंगार विठ्ठलवाडीजवळ एका शेठने मांडून ठेवलं होतं. तिथे चाकं मिळतील अशी खबर होती. डॉक्टर वडिलांना म्हणाले, "मिस्त्री, चाकं तुम्हीच निवडा. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

हे वाक्य वडिलांनी घरी येऊन मला दोनदा ऐकवलं.

सुट्टी घेऊन मीही गेलो. वखारीत चाकांचा डोंगर होता. खरं सांगायचं तर त्या दिवशी वडिलांचं काम बघून मी मनातल्या मनात हात टेकले. एकेक चाक उभं करून ते हातोडीने हलकेच ठोकायचे आणि कान लावायचे. आवाज स्वच्छ घुमला तर बाजूला, बसका आला तर परत ढिगात. बसक्या आवाजाच्या एका चाकाला मी घासून पुसून पाहिलं, तर बोल्टच्या भोकापासून केसासारखी बारीक चीर गेलेली. एरवी मला ती दिसलीही नसती. मग पहारीवर अडकवून ते चाक फिरवायचे, खडू टेकवून डगमग बघायचे. दोरीला गाठी मारून त्यांनी जुन्या चाकाच्या पाच भोकांमधली अंतरं आणली होती, ती लावून बघितली. टायर वरच्या चिखलपाटाला, म्हणजे मडगार्डाला, घासू नये म्हणून चाक आत किती जाईल, तेही मोजलं. तासाभरात चार चाकं निघाली. पाचवं स्टेपनीसाठी हवं होतं, ते काही मनासारखं मिळेना. तेव्हा जुन्यांतलं त्यातल्या त्यात चांगलं लाकडी चाकच स्टेपनी म्हणून ठेवायचं ठरलं.

तिथेच गाडी उचलून एक चाक लावून पाहिलं. पाच बोल्ट पाच भोकांत गेले. पण जुनं चाक मधल्या लोखंडी गोळ्यावर ठोकून बसवावं लागायचं, हे अलगद गेलं. वाकून बघितलं तर मधलं भोक गोळ्यापेक्षा मोठं. चहूबाजूंनी दीड सूत तरी फट. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शिवाय नटांचं निमुळतं तोंड भोकांच्या आत रुतायला हवं, ते नुसतं कडेवर टेकत होतं.

"बाबा, मधलं भोक मोठं आहे," मी म्हणालो.

"असू दे की. म्हणून तर हे घ्यायचं. जरा खेळेल, आरे मोडायची कटकट गेली."

"मोटारीला असं चालत नाही. चाक गोळ्यावर गच्च बसायला लागतं, नाहीतर सगळा भार बोल्टांवर येतो. बोल्ट तुटतात."

वडील उठून उभे राहिले. माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाले, "हा दीड वर्ष झालं नटं आवळतोय, डॉक्टरसाहेब. मी तीस वर्षं चाकं बनवतोय. आता हा मला चाक शिकवणार."

डॉक्टर हसले. वखारीतला शेठही हसला. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काय सांगू. आमच्यात बापाच्या कामात मुलाने चारचौघांत खोट काढायची नसते, एकदा काढलीच तर दुसऱ्यांदा तोंड उघडायचं नसतं. मी तोंड मिटलं. पण सगळा दोष त्या रीतीवर टाकला तर ते खोटं होईल. मला राग आला होता, आणि रागाच्या भरात मी मनात म्हणालो, बघा मग. पडू दे एकदा तोंडघशी.

दुसऱ्या दिवशी आमच्या छपरात चारी चाकं चढली. नट मीच आवळले. पान्यावर पूर्ण जोर दिला तरी शेवटचा जो ठाम अटकाव हाताला जाणवतो, तो जाणवेना. वडिलांनी चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. डॉक्टर एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "लोण्यासारखी चालतेय." पुढचा आठवडाभर ते भेटेल त्याला सांगत होते, ही चाकं मिस्त्रींनी निवडलीत. वडिलांची गिऱ्हाइकं तेव्हा कमी होऊ लागली होती. शीळकडे जाणाऱ्या रस्त्यावर लॉऱ्या वाढत चालल्या होत्या. डॉक्टरांच्या त्या बोलण्याने वडील पुन्हा ताठ चालायला लागले. ते बघून बरंही वाटायचं आणि खरं सांगणं आणखी अवघडही व्हायचं.

संध्याकाळी ठाण्याहून उतरलो की मी परस्पर दवाखान्याकडे वळायचो. गाडी बाहेर उभी असायची. पुसायचं निमित्त करून मी नट तपासायचो. पहिल्या दिवशी अर्धा फेरा ढिले निघाले. दुसऱ्या दिवशी पाऊण. मागच्या डाव्या चाकाचे सगळ्यात जास्त. तिथे नटांभोवती चकचकीत लोखंडी भुकटी जमायची. लोखंड लोखंडाला खात होतं. मी पाना घालून आवळायचो, भुकटी फडक्याने पुसून टाकायचो आणि घरी जायचो. भुकटी का पुसायचो, असं कुणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं.

एकदा सांगायचं ठरवून दवाखान्याची पायरी चढलो होतो. डॉक्टर एका रोग्याला तपासत होते. मला बघून त्यालाच म्हणाले, "याचे वडील म्हणजे चाकाचा शेवटचा शब्द." रोगी माझ्याकडे आदराने बघायला लागला. मी औषधाची बाटली न्यायला आल्यासारखं काहीतरी बोललो आणि परत फिरलो. नवरात्र होऊ दे, मग सांगू, असं ठरवलं. रोज आवळतोय तोवर काही होत नाही, अशी मनाची समजूत घातली.

माझी मोठी बहीण तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली होती. दोनदा दिवस राहून गेले होते. हे तिसरं. नवऱ्याचं गाव पार घाटावर, म्हणून सातव्या महिन्यातच वडील तिला घेऊन आले होते. वडील एरवी कुणाला म्हणून गोड बोलायचे नाहीत, पण ताईच्या वाटेत पडलेलं लाकडाचं साल ते स्वतः वाकून उचलायचे. "या खेपेला सगळं नीट होऊ दे," एवढंच देवापुढे म्हणायचे, मोठ्याने, आम्हाला ऐकू येईल असं.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला बसतात. वाकस, पटाशी, रंधा, करवत, आणि त्यांच्याच रांगेत वडिलांनी माझा पानाही ठेवला. त्याला झेंडूचं फूल वाहिलं. मला त्याचं भारी कौतुक वाटलं. नटं आवळायच्या नोकरीला घरात पहिल्यांदाच मान मिळाला होता. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. संध्याकाळी मी पूजेकडे दोनदा बघितलं. वडील समोरच बसलेले. मग म्हटलं, एका दिवसाने काय होतंय.

दसऱ्याच्या सकाळी ताईच्या पोटात कळा सुरू झाल्या. शेजारची म्हातारी सुईण आली, तिने पोटावरून हात फिरवला आणि तिचा चेहराच उतरला. मी पळत जाऊन डॉक्टरांना आणलं. आत जाऊन आल्यावर ते वडिलांना बाजूला घेऊन हळू बोलले, पण मी ऐकत होतो. "मूल आडवं आहे. रक्तही जायला लागलंय. इथे माझ्याच्याने होणार नाही, मिस्त्री. ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायला हवं, दुपारच्या आत. आगगाडी नको. तिला जिना चढवायचा नाही, बसवायचंही नाही. झोपवून, माझ्या गाडीतून नेऊ."

गाडीला डॉक्टरांच्या घरच्यांनी झेंडूची तोरणं बांधली होती. मी पूजेतला पाना उचलला. वडील ओरडले, "पूजेतला पाना? अजून उत्तरपूजा व्हायचीय." "वाटेत लागला तर असू दे," मी म्हणालो आणि तो सीटखाली सरकवला. चाकं बघायला सवड नव्हती. ताईला चादरीत उचलून आणत होते, ती कण्हत होती, आणि मी तिचं डोकं मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसलो. वडील पुढे डॉक्टरांशेजारी. मागचं डावं चाक बरोबर माझ्याखाली होतं.

रस्ता पावसाने उखडलेला. दोन्हीकडे भात पिवळं पडत आलेलं. डॉक्टर खड्डे चुकवत जात होते, तरी हिसके बसायचे, आणि प्रत्येक हिसक्याला ताई माझं मनगट आवळायची. काटई मागे गेलं आणि तो आवाज सुरू झाला. टक्क. मग थोडा वेळ काही नाही. मग परत टक्क. सीटमधून माझ्या हाडापर्यंत पोचत होता.

वडिलांनीही ऐकला. त्यांनी मान किंचित वळवली, आणि इतक्या काळजीतही त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. "ऐका, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "चाक कसं बोलायला लागलंय. आता कुठे खेळतं झालंय. काही चिंता नको."

"बरं झालं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी वेग वाढवला.

मी गप्पच. आजही सांगताना लाज वाटते, पण तेव्हाही मी गप्पच बसलो. थांबलो तर वेळ जाईल, ताईला तेवढा वेळ नसेल. न थांबलो तर चाक जाईल. थांबायचं म्हटलं तर का, ते सांगावं लागेल. ही तिसरी गोष्ट मनात सगळ्यात वर होती, आणि मी ती बाकीच्या दोन्हींच्या मागे लपवत होतो. टक्क टक्क आता दर फेऱ्याला येत होती. शीळ फाटा गेला. पुढे मुंब्र्याचा डोंगर, त्याच्या पोटातून वळणावळणाने जाणारा रस्ता, आणि एका बाजूला थेट खाडी.

"काय वाजतंय रे?" ताईने डोळे मिटूनच विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "चाक आहे."

"मोडणार तर नाही ना?"

तिच्या कपाळावर घाम होता. लुगडं रक्ताने ओलं होत चाललं होतं. माझा कुठे धीर सुटला ते मला कळलं नाही.

"डॉक्टर, गाडी थांबवा."

"काय झालं? ताई बरी आहे ना?"

"चाक निघतंय. थांबवा."

वडील वळले. "खुळा झालास काय? चाक निघत नसतं असं. चला हो, डॉक्टरसाहेब, याचं ऐकू नका. वेळ जातोय."

डॉक्टरांनी आरशातून एकदा माझ्याकडे, एकदा वडिलांकडे बघितलं आणि गाडी चालूच ठेवली. त्यांच्या लेखी वडील म्हणजे चाकाचा शेवटचा शब्द. पुढे उतार दिसायला लागला होता. आणि मी जन्मात कधी बोललो नव्हतो तसा वडिलांवर ओरडलो. "तुम्हाला मोटारीच्या चाकातलं काही कळत नाही! काही म्हणजे काही कळत नाही! पहिल्या दिवसापासून चुकलंय ते! मारायचंय का तिला?"

डॉक्टरांनी हळूहळू गाडी कडेला घेतली.

मी ताईचं डोकं चादरीच्या बोचक्यावर टेकवलं आणि खाली उडी मारली. पाच नटांपैकी दोन गायब. एक बोल्ट मुळातून तुटलेला. उरलेले दोन नट मी बोटांनी फिरवले आणि ते फिरले. चाकाची गोल भोकं झिजून लांबट झाली होती. वडील माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी वाकून फटीत बोट घातलं, आणि लोखंडाची भुकटी बोटावर घेतली. त्यांच्या ओठांवरचा रंग गेला होता.

"स्टेपनी काढा," मी म्हणालो. त्या दिवशी मी त्यांना हुकूम सोडत होतो आणि ते ऐकत होते. जॅक लावला, चाक काढलं. वडिलांनी लाकडी चाक एकट्याने उचलून आणलं, गोळ्यावर टेकवलं आणि तळव्याचा ठोसा दिला. ते थप्प करून बसलं. मी बाकीच्या दोन चाकांचा एकेक नट काढून आणला. चार बोल्टांवर चार नट, अंगातला सगळा जोर लावून. या वेळी पाना शेवटी ठामपणे अडला. मग उरलेली तीन चाकंही आवळली. गाडी मागच्या एका बाजूने उचलल्यासारखी दिसत होती, कारण ते चाक बाकीच्यांहून उंच. डॉक्टर ताईजवळ बसून तिची नाडी बघत होते.

"तुला कसं कळलं?" त्यांनी मला विचारलं.

"रोज संध्याकाळी येऊन आवळत होतो," माझ्या तोंडून निघून गेलं. "नट रोज ढिले व्हायचे."

डॉक्टर लगेच उठून गाडी चालवायला बसले. बैलगाडीच्या चालीने आम्ही मुंब्रा ओलांडलं. कळव्याच्या पुलावर ताई कण्हायचीही थांबली, आणि मी तिच्या नाकासमोर बोट धरून राहिलो. पुढे बसलेले वडील एकदाही मागे वळले नाहीत. नुसती त्यांची मान दिसत होती.

इस्पितळात ताईला आत नेलं. डॉक्टरही तिथल्या डॉक्टरांबरोबर आत गेले. आम्ही बाहेर व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. वडिलांच्या हाताला अजून ती काळी भुकटी होती. ते ती धोतराला पुसत होते आणि परत बोटाकडे बघत होते.

"डॉक्टर आत जात होते तेव्हा मी त्यांना सांगितलं," ते म्हणाले. "चाक मी चुकीचं निवडलं. बैलगाडीचं शास्त्र मोटारीला लावलं. माझी चूक, म्हटलं."

मी मान हलवली. मला वाटलं, आता माझ्याशी बरं बोलतील.

"तुला आठ दिवस ठाऊक होतं," ते म्हणाले.

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही चारचौघांत मला गप्प केलंत. परत बोललो असतो तर तुमचीच मान खाली गेली असती."

"ती आज गेलीच ना. आज कसा बोललास?"

"आज ताई होती गाडीत."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "म्हणजे डॉक्टर एकटे होते तोवर चालत होतं."

रोज आवळत होतो, असं म्हणायचं होतं. पण मग ती भुकटी आठवली. ती मी रोज फडक्याने पुसत होतो, डॉक्टरांना दिसू नये म्हणून.

"माझं मी सांगितलं," वडील म्हणाले. "तुझं तू सांग."

ऊन उतरायला लागल्यावर डॉक्टर बाहेर आले. चेहरा थकलेला, पण हसरा. मुलगी झाली, म्हणाले, दोघीही वाचल्या. ताईचं रक्त फार गेलंय, आठ-पंधरा दिवस ठेवावं लागेल, पण धोका टळला. वडील पायरीवरच लहान मुलासारखे रडायला लागले. मलाही रडू आलं, ते मी गिळलं. कारण आत्ता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही, हे मला माहीत होतं.

मी सगळं सांगितलं. वखारीत काय दिसलं, नट कसे बसले नाहीत, पायरी चढून परत फिरलो ते, भुकटी पुसली ते. रागाच्या भरात वडील तोंडघशी पडावेत असं वाटलं होतं, तेही सांगितलं. डॉक्टर रुमालाने हात पुसत ऐकत होते.

मग म्हणाले, "रोज आवळत होतास?"

"जवळजवळ रोज."

"रविवारी मी मुलींना घेऊन मुंब्र्याच्या देवीला गेलो होतो. दोघींना. याच रस्त्याने. आदल्या दिवशी आवळले होतेस?"

त्यांच्या थोरलीला तेव्हा सातवं वर्ष होतं, धाकटीला चौथं. त्यांनी प्रश्न रागावून विचारला नव्हता. त्यांना फक्त माहीत करून घ्यायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. "शनिवारी मी सिनेमाला गेलो होतो."

त्यांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि ते ताईला बघायला परत आत गेले.